बिनहाताची गौर

आमच्याकडची गौर म्हणजे मुळासकट उपटलेला तेरडा. त्याला साडी नेसवायची आणि दोन्ही बाजूंना कळलावीची लाल-पिवळी फुलं खोचायची. तेच गौरीचे हात. ते आई दरवर्षी गावामागच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, स्वतः आणायची. यंदा खुब्याचं हाड मोडून ती खाटेवर पडली आणि काम माझ्याकडे आलं. पन्नाशी उलटल्यावर घरात पहिल्यांदाच कुणी माझ्यावर काही सोपवलं, म्हणून मी बायकोला घेऊन ऐटीतच निघालो.

सड्याला आता तारेचं कुंपण आहे. वर बंगल्यांचे प्लॉट पाडलेत. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "आत फक्त फुलांच्या सहलीवाल्यांना सोडतो." ज्या सड्यावर मी गुरं राखली, तो बघायला मी आणि बायको तिकीट काढून मुंबईच्या मंडळींमागे उभे राहिलो.

माहिती देणारी मुलगी गोड बोलायची. प्रत्येक फुलापाशी सगळ्यांना उकिडवं बसवायची. माझे गुडघे वाजले की मंडळी पक्षी समजून वर बघायची.

कातळाच्या कडेला ती थांबली. "ही कळलावी. या सड्यावर हा एकच वेल उरलाय. हात नाही लावायचा हं."

ती पुढे गेली तशी बायको कुजबुजली, "अहो, खुडा की! आई वाट बघतायत."

मी वाकलो.

"काका! तुमच्यासारख्यांमुळेच संपतात ही फुलं."

सगळे वळले. मी बुटाची नाडी बांधत असल्यासारखं केलं. पायात चपला होत्या.

परतताना फाटकाशी जेसीबी उभा दिसला. मी विचारलं, तर मुलगी खाली बघत म्हणाली, "गणपती झाले की त्या कडेपासून सपाटीकरण सुरू होणार. फोटो काढून ठेवा."

"मग दोन फुलं दिली असती तर…"

"नियम आहे, काका."

घरी येऊन आईला मोबाइलवर फोटो दाखवला. तिने काचेवर बोट ठेवलं, तसं फूल सरकून दिसेनासं झालं.

"हात कुठं हायत?"

बायकोने माणगावच्या बाजारातून प्लास्टिकचे हात आणायचं सुचवलं. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी गौरीपुढे नैवेद्याचं पान मांडलं. मी उठणार, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "पान पुढं सरकव."

सरकवलं.

"आणखी. पार तोंडाशी ने, बाबा. तिला हात न्हायत."