हिरव्या बांगड्यांचं रेकॉर्डिंग

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. विक्रोळीच्या चाळीत मी हळदीची गाणी म्हणायचे. एका संगीतकाराने ती ऐकली आणि अंधेरीच्या स्टुडिओत बोलावलं. पिक्चरमधल्या लग्नाच्या गाण्याला त्याला 'गावठी गळा' हवा होता. गावठी म्हणाला म्हणून डोकं फिरलं, पण गेले. पिक्चरचं गाणं काय रोज दारात येतं?

सासूबाई सोबत आल्या. सून एकटी पिक्चरवाल्यांकडे जाणार म्हटल्यावर त्यांनी चपात्यांचा डबा भरला आणि थेट वादकांच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या.

तेव्हा सगळं एकदम वाजायचं. एक चुकला की वीस जणांनी पुन्हा पहिल्यापासून. दोनदा थांबवून काचेमागचा रेकॉर्डिस्ट ओरडला, "बाई, बांगड्या काढा. गाण्यापेक्षा त्याच जास्त ऐकू येतायत."

आता माझे हात हलल्याशिवाय तोंड उघडत नाही, त्याला मी काय करू? आणि बांगड्या दिराच्या लग्नात चार दिवसांपूर्वीच भरलेल्या, घट्ट. साबण लावून झाला, हात लालबुंद झाला, एक निघेल तर शपथ.

"मग फोडा ना," संगीतकार म्हणाला. वाट लागली. सासूबाई ताडकन उठल्या. "माझो झील, हिचो घोव, धडधाकट आसा. सवाष्णीच्यो बांगड्यो फोडतास?"

शेवटी मनगटांना रुमाल गुंडाळले. मी पकडलेल्या चोरासारखे हात धरून गायले. इतकं भिकार मी जन्मात गायले नव्हते. संगीतकाराने घड्याळ पाहिलं आणि सांताक्रूझच्या दुसऱ्या बाईला फोन लावायला सांगितलं. मला रडूच फुटलं. हे गेलं की जन्मभर लोकांच्या हळदीच गात बसायचं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग तबलजीची हातोडी उचलली. तो बिचारा तबला मिठीत घेऊन मागे सरला.

"हात ठेव हंय," त्या म्हणाल्या. "तुझो सासरो गेलो तेव्हा माझ्यो दगडान फोडल्यानी. माका कोणी विचारूक नाय. ह्यो मी माझ्या हातान वाढवतंय, तुझ्या गाण्यासाठी."

एकेक बांगडी त्यांनी अलगद वाढवली. सवाष्णीचे हात मोकळे नकोत म्हणून जमिनीवर पडलेल्या रेकॉर्डिंगच्या टेपच्या कापलेल्या पट्ट्या माझ्या दोन्ही मनगटांना बांधल्या. संगीतकाराने फोन ठेवायला सांगितला. पुढच्याच खेपेला गाणं ओके झालं. वादकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी सगळ्यांना चपात्या वाटल्या.

घरी जायच्या आधी त्यांनी मला स्टेशनजवळच्या कासाराकडे नेलं. माझ्या हातातल्या त्या तपकिरी पट्ट्या बघून तो हसायला लागला. सासूबाईंनी डोळे वटारले.

"हसतस काय? हिरव्यो भर. आणि जरा सैल भर रे. हिका परत गाऊक जावचा आसा."