शांताबाईंचे उंदीर

शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५. सकाळी बाहेर सहा अंश, धुके. पिठाच्या डब्यामागे लेंड्या, अकरा. काल नऊ होत्या. सिंकखालची रबरी नळी दोन ठिकाणी कुरतडलेली. लोकेशने लावलेल्या चापात एक उंदीर, शेपूट वीतभर. धुगधुगी होती. ओटा, डबे, कप्पे ब्लीचने पुसले. दुपारी जेवले नाही.

जेवले नाही, एवढेच शांताबाईंनी लिहिले. का, ते लिहिले नाही. कामठीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी मुलींना डायरीची सवय लावली तेव्हाच नियम घालून दिला होता: जे घडले ते लिहा, जे वाटले ते देवाला सांगा. शांताबाईंच्या घरात देव नव्हता, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते. त्यामुळे वाटलेले सांगायला कुणी उरले नाही, आणि गेली साठ वर्षे ते पोटातच राहिले होते.

त्या दिवशी पोटात जे होते ते असे. चापाची तार उंदराच्या कमरेवर बसली होती, मानेवर नाही. पुढचे दोन पाय लाकडावर सरपटत होते. ओल्या केसांतून पिसवा बाहेर पडत होत्या, कारण अंग गार होऊ लागले की त्या सोडून जातात, हे शांताबाईंना नोकरीपासून ठाऊक होते. त्यांनी चिमट्याने चाप उचलून बादलीत टाकला, वर झाकण ठेवले, आणि कालव्याच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मागे वीस मिनिटे खरखर चालू होती.

घाणीची त्यांना भीती नव्हती. एकतीस वर्षे त्या नागपुरात आरोग्य खात्यात स्वच्छता निरीक्षक होत्या. हॉटेलांच्या भटारखान्यात शिरल्या की आधी नाक वर करायच्या. उंदराचे मूत कुठे आहे ते त्यांना वासावरून सांगता येई. "बाई आल्या, बाई आल्या," अशी मागच्या दाराने वर्दी जायची. पीठ उघडे, पंचनामा. तेलात झुरळ, पंचनामा. घरी आल्यावर अंगणातच हातपाय धुवायच्या, कपडे बादलीत टाकायच्या आणि मग नवऱ्याला, गजभिये साहेबांना, म्हणायच्या, "आता चहा द्या." साहेब जाऊन सहा वर्षे झाली. या एप्रिलमध्ये मुलगी धम्मदीपा त्यांना परदेशात, युट्रेख्टला, घेऊन आली.

मुलीचे घर म्हणजे कालव्याच्या काठाला बांधलेली बोट. लोकेश, म्हणजे जावई, आयटीतला. धम्मदीपा विद्यापीठात संशोधन करणारी. घरांच्या किमती ऐकून दोघांनी पाण्यावरच संसार मांडला. बोट कुठे जात नाही, तिला नळ, वीज, गॅलरीसारखा लाकडी डेक, सगळे आहे. फक्त पाया नाही, आणि ही गोष्ट शांताबाईंना पहिल्या दिवसापासून खटकली होती.

आणि आता याच बोटीत उंदीर. ज्या बाईने शंभर स्वयंपाकघरांना कुलपे लावली तिच्या मुलीच्या पिठाच्या डब्यामागे लेंड्या! शांताबाई दिवसातून तीनदा ओटा पुसत, तरी पोळी लाटताना वाटे, पोळपाटावरून कुणी चालून गेले असेल. चहा पिताना कपाच्या काठावर ओठ टेकवेनात. लोकेशने काठाला बांधलेल्या दोरांवर पत्र्याच्या तबकड्या बसवल्या, उंदीर दोरावरून चढू नयेत म्हणून. उंदीर माणसांसारखे काठावरून बोटीत यायच्या फळीवरून यायला लागले.

शनिवारी सकाळी लोकेश लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला.

"आई, आज मी तक्रार टाकतोच. सगळं त्या कोंबड्यांमुळे आहे. दाणे सांडतात, दाण्याला उंदीर. साधं लॉजिक."

कोंबड्या शेजारच्या बोटवाल्या हेर्मीनच्या. हेर्मीन शांताबाईंच्याच वयाची, विधवा, एकटी. काठावरच्या जाळीत तिच्या चार कोंबड्या होत्या आणि चौघींना तिने आपल्या मेलेल्या बहिणींची नावे ठेवली होती. शांताबाईंना हे ऐकूनच कसेसे झाले होते. बहिणीचे नाव घ्यायचे आणि तिच्या खालून अंडे काढायचे!

"मागच्या वर्षी कुणीतरी तिची एक तक्रार केलीय," धम्मदीपा म्हणाली. "दुसरी गेली तर कोंबड्या हलवाव्या लागतील, तिनेच सांगितलं मला. अरे, तिला दुसरं कोण आहे?"

"उंदीर आहेत की!" लोकेश म्हणाला.

"फाजीलपणा नको."

"बरं, नको. पण खेमेन्टेच्या फॉर्मवर विचारलंय, केव्हापासून, किती वेळा, कुठे. मला काय आठवणार?"

खेमेन्टे म्हणजे इथली नगरपालिका. हा शब्द शांताबाईंनी पहिल्या आठवड्यातच उचलला होता. खाते म्हटले की त्यांचे कान टवकारत. त्या उठल्या आणि उशाखालची डायरी घेऊन आल्या.

"मला आठवायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "लिहा. पहिल्या लेंड्या, चोवीस सप्टेंबर, बुधवार. सिंकखाली, चार."

"वा! आई, तुमची डायरी म्हणजे पुरावाच. त्याच्या आधी काही?"

शांताबाई पाने मागे उलटू लागल्या. कोंबड्यांबद्दल काही लिहिले असेल तर तेही द्यावे, केस भक्कम व्हावी. चष्मा वर सारून त्या वाचत गेल्या. "बारा सप्टेंबर, शुक्रवार. उरलेला भात डेकवर पक्ष्यांना घातला. शेजारीण भाताकडे बोट दाखवून 'रत्न, रत्न' म्हणाली. हिला धम्माची माहिती दिसते. हात जोडून 'येस, रत्न' म्हटले."

हे वाचताना त्यांना थोडे बरे वाटले. त्या दिवशी त्यांनी नागपुरात अस्मिताला, विहारातल्या मैत्रिणीला, फोनही केला होता: इथल्या गोऱ्या बाईलासुद्धा त्रिरत्न ठाऊक आहेत, अन्नालाही रत्न म्हणते.

लोकेशची बोटे थांबली.

"काय म्हणाली ती?"

"रत्न. चांगलं स्पष्ट. पंधरा तारखेला परत म्हणाली, अठराला परत. मी दर वेळी हात जोडले."

लोकेशने धम्मदीपाकडे पाहिले. मग त्याने तोंडावर हात ठेवला, पण खांदे हलायचे राहिले नाहीत.

"आई, मी तिकडे पूर्वेला, एनस्खेडेला, दोन वर्षं शिकलो ना. हेर्मीन तिकडचीच आहे. तिकडचे लोक शेवटचा स्वर गिळतात आणि 'न' तेवढा ठेवतात. इथला माणूस 'रत्ता' म्हणेल, तिकडचा 'रत्न'."

"म्हणजे?"

"म्हणजे इथल्या भाषेत उंदीर. अनेकवचन."

धम्मदीपाही हसली.

शांताबाई हसल्या नाहीत. त्या पुन्हा पाने उलटू लागल्या, आता बोट ठेवून, निरीक्षकाच्या सवयीने. दोन सप्टेंबर: उरलेला भात पक्ष्यांना. तीन: भात, अर्धी पोळी. पाच: भात, वरणासकट. आईच्या घरी शिते मोजून जेवलेली पिढी ती. भात कचऱ्यात टाकायला त्यांचा हात धजत नव्हता, आणि इथे ना दारात गाय येई ना कुणी मागणारा. म्हणून पक्षी. पक्ष्यांना घातलेले त्यांच्या लेखी उष्टे नव्हते, कचरा नव्हता, पंचनाम्यात बसणारे काहीच नव्हते. संध्याकाळपर्यंत ताटली अर्धी रिकामी होई, सकाळी चाटूनपुसून साफ. इथले पक्षी भारी लवकर उठतात, असेही त्यांनी एका पानावर लिहिले होते.

ती ताटली त्या रोज सकाळी हाताने उचलत होत्या. घासून तीच पुन्हा रॅकवर ठेवत होत्या. त्यांच्या तोंडाला पाणी सुटले, ओकारीच्या आधी सुटते तसे.

"कोंबड्या किती वर्षांच्या?" त्यांनी विचारले.

"आम्ही आलो तेव्हापासून आहेत. सहा वर्षं."

"आणि उंदीर?"

"चोवीस सप्टेंबर," धम्मदीपा म्हणाली.

"जाऊ द्या हो आई," लोकेश म्हणाला. "भात बंद करू, विषय संपला. तक्रार मात्र टाकू या. तसाही तो खुराडा घाणच आहे. तुमच्या भाताच्या तेवढ्या ओळी सोडून तारखा घालतो."

शांताबाईंनी डायरी मिटली. "जावईबापू," त्या म्हणाल्या. एरवी त्या लोकेश म्हणत. जावईबापू म्हटले की घरात सगळे जपून बसत. "एकतीस वर्षं लोकांच्या चुली हुंगल्या मी. जिथे घाण, तिथेच घाण लिहिली. आता घाण माझी आणि नाव तिचं? बंद करा ते."

"आई, कुणाला कळणार आहे..."

"मला कळलंय. बंद करा. दीपा, चल माझ्याबरोबर. तिची भाषा मला येत नाही आणि मला जे येतं त्यानेच घोटाळा केलाय."

हेर्मीन गमबूट घालून कोंबड्यांना दाणे टाकत होती. शांताबाईंनी तिच्यापुढे ती ताटली धरली, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवले.

"रत्न," त्या म्हणाल्या. "मी. माय राइस."

हेर्मीनने ताटलीकडे पाहिले, शांताबाईंकडे पाहिले आणि धम्मदीपाला धडाधड काहीतरी सांगू लागली.

"काय म्हणते?"

"म्हणते, मी तीन वेळा सांगितलं. दर वेळी ही बाई हात जोडते, गोड हसते, आणि दुसऱ्या दिवशी जास्त भात ठेवते." धम्मदीपाने पुढचे ऐकून घेतले. "तिला वाटलं, तुझ्या धर्मात उंदरांना जेवू घालत असतील. म्हणून गप्प बसली. म्हणते, दुसऱ्याच्या धर्मात आपण कशाला पडायचं."

"शी!" शांताबाई म्हणाल्या. "तिला सांग, असला धर्म नाही माझा."

"सांगितलं. ती म्हणते, बरं झालं. म्हणते, मग आता डेकखाली बघू. इतका भात खाल्ला म्हणजे बिऱ्हाड केलंच असेल."

हेर्मीनने पहार आणली आणि शांताबाईंच्या डेकची कडेची फळी उचकटली. वास आधी आला. अमोनिया आणि सडका गोडवा, असा की डोळ्यांतून पाणी यावे. खाली, बोटीच्या पत्र्याला टेकून, टोपलीएवढे घरटे होते. सुकलेले गवत, प्लॅस्टिकच्या चिंध्या, आणि मधोमध पांढरे सूत. शांताबाईंनी ओळखले. ऑगस्टमध्ये वाळत घातलेल्या पेटीकोटची नाडी, वाऱ्याने गेली म्हणून डायरीत लिहिलेली. बाजूला भाताच्या गुठळ्या, पिवळ्या पडलेल्या, त्यावर बुरशीचे केस, त्यावर लेंड्या. आणि त्या सुतात सात पिल्ले: गुलाबी, आंधळी, ओल्या करंगळीसारखी वळवळणारी. कातडीतून पोटातले दूध दिसत होते.

मोठी उंदरीण पत्र्यावरून सरकत पाण्यात पडली आणि पोहत गेली.

रोज पहाटे पंचशील म्हणताना शांताबाई जीवहिंसेपासून दूर राहण्याचे शील पहिले घेत. आजही घेतले होते. त्यांनी एकदा पिल्लांकडे पाहिले, एकदा हेर्मीनकडे. हेर्मीनने कुणाला काही विचारले नाही. फावड्याने घरट्याचा मधला भाग उचलला, काठावर गेली आणि जाळीचे दार उघडून आत टाकला.

चार बहिणी धावत आल्या. एकीने चोचीत धरून पळ काढला, दुसरी तिच्या मागे. जाळीत धूळ, फडफड, बारीक चिर्र असा आवाज. धम्मदीपा तोंड दाबून बोटीत पळाली. शांताबाई शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. घाण आपली, तर बघायचीही आपणच. त्या मोजत होत्या. सातही.

मग त्यांनी हातमोजे चढवले, पदर खोचला, आणि दुपारपर्यंत डेकखालचा पत्रा ब्लीचने घासला. हेर्मीन बादल्या भरून देत होती. नाडी त्यांनी चिमट्याने पिशवीत टाकली. लोकेश बारीक जाळी घेऊन आला, फळीखालची भोके बंद केली आणि सिंकखालची नळी बदलली.

जाताना हेर्मीनने शांताबाईंच्या हातात चार अंडी ठेवली. अजून उबदार होती. शांताबाईंना ठाऊक होते, नको म्हणणे बरे दिसणार नाही. त्यांनी हात जोडायला वर नेले, अंडी आठवली, आणि मानेनेच होकार दिला. बोटीत येऊन अंडी फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवली, सगळ्यांत मागे, आणि हात तीनदा धुतले.

संध्याकाळी जेवणे झाल्यावर त्यांनी डायरी उघडली. तारीख घातली, तपमान लिहिले, सात हा आकडा लिहिला. मग त्यांनी लिहिले:

तांदूळ पाऊण वाटी लावला. भात उरला नाही.