श्रावणचं माप माझ्याकडे होतं

फोन आला तेव्हा माझ्या तोंडात चार टाचण्या होत्या. समोर एक गिऱ्हाईक हात पसरून उभं होतं आणि मी त्याचा झब्बा बेतत होतो. फोन धानोऱ्याहून सुनीतावहिनींचा, म्हणजे श्रावणच्या बायकोचा. "भाऊ, तुमचे दोस्त गेले," त्या म्हणाल्या. मी टाचण्या काढल्या आणि विचारलं, "आता कोन्या गावाले?" खोटं सांगत नाही, खरंच असं विचारलं. तीस वर्षं श्रावण कुठे ना कुठे जातच होता... माजरीहून गडचिरोली, तिथून नागपूर, कोलकाता, गोवा. वहिनी रडायला लागल्या, तेव्हा मला कळलं. सकाळच्या फुटबॉल सरावात मुलींना कॉर्नर शिकवता शिकवता तो मैदानात खाली बसला होता आणि पुन्हा उठला नव्हता. मी गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं. या गोष्टीला पाच आठवडे झाले. रडलो, नाही असं नाही. पण त्याची आठवण काढायला बसलं की रडू मागे राहतं आणि छाती धडधडायला लागते, मॅच सुरू होण्याआधी धडधडायची तशी. त्याला मी काय करू?

माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत आमचं मैदान होतं. तिथं घसरलं की गुडघा आधी काळा व्हायचा, मग लाल. श्रावण जवळच्या खेड्यातला, धान-कापूस करणाऱ्या घरातला. सायकल मारत यायचा. मी शिंप्याचा मुलगा, अब्बांच्या दुकानात कात्री धरायला शिकत होतो आणि संध्याकाळी गोलात उभा राहत होतो. शिंपीकामावरून सगळे मला मास्टर म्हणत. श्रावण उंचीला माझ्या कानापर्यंतच यायचा, पण उडी अशी की कॉर्नरचा चेंडू आला की हा सगळ्यांच्या डोक्यांवरून वर दिसायचा. दोन्ही हात झोकून द्यायचा, वर जायचा आणि कपाळानं चेंडू असा हाणायचा की माझे तळवे रात्रभर ठणकायचे. आठ वर्षं मी त्याचे हेडर सरावात झेलले आहेत. त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मला नाही तर कुणाला?

त्याची एक सवय होती. मॅचच्या आधी तो सरळ समोरच्या संघात जायचा आणि विचारायचा, "तुमच्यातला सगळ्यात भारी कोन हाये?" ते लोक गोंधळायचे, मग कुणाकडे तरी बोट दाखवायचे. श्रावण त्याच्याशी हात मिळवायचा आणि पूर्ण नव्वद मिनिटं त्यालाच जाऊन भिडायचा. मी ओरडायचो, "अबे, त्या जाड्याच्या बाजूनं घूस ना, थो पळूनच नाई राह्यला!" त्यावर तो हसायचा. "कमजोराले हरवून मले काय समजन, मी केवढा हाव ते?" लोक त्याला घमेंडी म्हणायचे. अजिबात नव्हता. मोकळा गोल समोर असताना बाहेर मारायचा आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणायचा, "जाऊ दे, पुढचा जाईन." आणि पुढचा जायचा हो! त्या 'जाईन'वर आम्ही अकरा जण जगत होतो.

आणि एका दिवशी तोच म्हणाला, मी गडचिरोलीच्या संघात चाललो. मी कापड इस्त्री करत होतो. दोन महिन्यांवर स्पर्धा आणि हा आम्हाला सोडून निघालेला. "काऊन?" मी विचारलं. "काय कमी पडलं तुले इथी?" तो म्हणाला, "कमी काई नाई, मास्टर. इथी सगळे मलेच पास देते. मी चुकलो तरी कोनी बोंबलत नाई. अशा टीममंधी मानूस सडते. जिथी मी सगळ्यात कच्चा राहीन, तिथी जाचं हाये मले." आज हे वाक्य मला सोन्यासारखं वाटतं. तेव्हा मी फक्त एवढंच ऐकलं की आम्ही कच्चे. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. महिनाभरानं तो नवी पिवळी जर्सी घेऊन दुकानात आला. एखाद्या पैलवानाच्या मापाची होती ती, त्याच्या अंगावर लोंबत होती. "बारीक करून दे," म्हणाला. मी म्हटलं, गडचिरोलीत शिंपी नाईत का? तर म्हणतो, "माहं माप तुह्याच जवळ हाये, बावा."

आणि मी ती बारीक केली. आता जे लिहितो आहे ते लिहायला हात अडतो आहे. तेव्हाच्या जर्स्या आजच्यासारख्या ताणत नसत, जाड कपडा असायचा. मी कमरेत आणि खांद्यात बरोबर माप घेतलं, पण दोन्ही मुंढे, म्हणजे बाही जिथे काखेत जोडतात तो गोल, बोटभर आवळून शिवले. उभं राहिलं तर काही कळू नये, पण हात झोकून वर जायला गेलं की कपड्यानं मागे ओढावं. मी ठरवून केलं. कुराणाची शपथ, ठरवून. घालून बघतो म्हणाला तर मी घाई आहे म्हणून घडी करून हातात दिली.

स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेमके आम्हीच समोरासमोर. गडचिरोलीचं मैदान गच्च भरलेलं, झाडांवरसुद्धा माणसं. सुरुवातीआधी श्रावण नेहमीसारखा आमच्याकडे आला. मला वाटलं, हा आता 'सगळ्यात भारी कोण' विचारणार. त्यानं काही विचारलं नाही. सरळ माझ्याशी हात मिळवला आणि परत गेला. मॅच म्हणजे नुसती आग होती. ते चढायचे, आम्ही परतवायचो, आमचा एक फटका खांबाला लागून परत आला. श्रावणसाठी पहिला कॉर्नर आला, तो उडाला आणि अर्ध्यातच खाली आला. दुसरा, तसंच. चेंडू त्याच्या केसांवरून निघून गेला. आमची पोरं ओरडली, "संपला रे श्रावण!" मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी लाजही वाटली. तो बाहीकडे बघत होता... मग माझ्याकडे. शेवटची पाच मिनिटं राहिली असतील, तिसरा कॉर्नर आला. तो मागे गेला, धावत आला आणि दोन्ही हात असे झोकले की चर्र आवाज मला गोलात ऐकू आला. उजवी बाही उसवून लोंबायला लागली आणि श्रावण वर, वर, सगळ्यांच्या वर! मी उजवीकडे झेप घेतली, बोटं लागलीही, पण चेंडू जाळीत होता. सगळं मैदान आत घुसलं. त्या गर्दीतून तो लोंबत्या बाहीनं माझ्याकडे आला, मला हात देऊन उठवलं आणि म्हणाला, "मास्टर, शिलाई कच्ची निंगाली रे." आणि हसला.

त्याला कळलं होतं की नाही? हा प्रश्न मी तीस वर्षं मानेवर घेऊन फिरलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं होतं. तो प्रत्येक क्लब बदलल्यावर जर्सी माझ्याकडेच आणायचा. नागपूरची निळी, कोलकात्याची, गोव्याची हिरवी. स्वतः येता आलं नाही तर पार्सल करायचा. तिकडे काय शिंपी नव्हते? मला वाटायचं, याला कळलं असतं तर हा कशाला आला असता! मी मुंढे असे सैल ठेवायचो की आरशात बघून तो म्हणायचा, "मास्टर, यात दोघं मावन." दर वेळी ठरवायचो, आज सांगून टाकू. दर वेळी चहा यायचा, तो नव्या संघाचं सांगत सुटायचा, तिथला अमुक बचावपटू कसला पहाड आहे, त्यानं पहिल्या दिवशी कसं आपटलं... त्याचे डोळे असे चमकायचे की माझी गोष्ट ओठांवरून मागे जायची. खेळणं संपल्यावर तो धानोऱ्याला मुलींना शिकवायला गेला. मी म्हटलं, अबे, इतक्या मोठ्या शहरांत खेळून जंगलात? म्हणाला, "पोरीले शिकवनं मले येतच नाई. इथी मी सगळ्यात कच्चा हाव." मला बोलावत राहिला. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. भीती वाटायची, दुसरं काही नाही.

आमच्यात माणूस गेल्यावर चाळीसावा दिवस पाळतात, त्याच्या आधी जाऊन यावं म्हणून गेल्या आठवड्यात एसटी बदलत बदलत धानोऱ्याला गेलो. वहिनींनी पाणी दिलं. मी ग्लास खाली ठेवायच्या आत सगळं बोलून टाकलं. जर्सी, मुंढे, बोटभर, सगळं. माणूस मेल्यावर कबुली देण्यात कसली मर्दुमकी, पण दिली.

वहिनी पदरानं तोंड झाकून हसायला लागल्या. महिनाभरात पहिल्यांदा हसल्या असाव्यात. "भाऊ, हे तं मले लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच सांगतलं होतं त्यायनं. लय मोठेपनानं सांगत. म्हनत, माजरीचा गोलकीपर मले हातानं नाई रोकू शकत असं त्याले वाटलं, म्हून कैची घेतली. एवढं भारी मले कोनीच मानलं नाई."

"मंग दर डाव जर्सी माह्याचकडे काऊन आनत होता?"

"मीबी विचारलं. तं म्हने, ज्यानं एक डाव चूक केली, थोच पुढं जपून शिवते."

मला तिथे बसवेना. मी मैदानाकडे निघालो. पंधरा-सोळा मुली स्वतःच सराव करत होत्या, लाल मुरमावर धूळ उडत होती, आरडाओरडा चालला होता. गोलातली उंच मुलगी मला बघून थांबली. नाव विचारलं, तर जयश्री म्हणाली.

"तुमीच माजरीचे मास्टर का?"

"हाव."

"सरनं बाकी सगळ्यायले शिकवलं, मलेच नाई शिकवलं. म्हनत, गोलकीपरले गोलकीपरच शिकवन, मास्टर येनार हाये." मग ती जरा लाजली. "अन म्हनत, आला का त्याले पयले सांगजो, कैची बाहेर ठेव."

सगळ्या पोरी हसल्या. मी चपला काढल्या, खिशातली टेप आणि चष्मा चपलांवर ठेवला, आणि पँट दुमडून तिच्या शेजारी गोलात उभा राहिलो.