बारा पुस्तकांत नसलेला उतारा

तुमसरच्या ज्या शाळेत मी शिकवत होते, तिथल्या कपाटात ती मालिका अख्खी सापडली. मुलींसाठी लिहिलेली बारा पुस्तकं. प्रत्येक कव्हरवर दोन वेण्यांची तीच नायिका, कधी हातात दोर, कधी टॉर्च. दिवाळीची सुट्टी लागत होती. बहिणीची मुलगी सातवीत होती, तिला वाचायला न्यावीत म्हणून मी ती पिशवीत भरली. म्हणजे कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या बाईंना तरी असंच सांगितलं. खरं तर मला त्यातला एक उतारा पुन्हा वाचायचा होता.

आमचं गाव एकोडीच्या पलीकडे. घरात पुस्तकं म्हणजे देव्हाऱ्यातली पोथी, खिळ्याला टांगलेलं पंचांग आणि ही मालिका. मामा वरठीला रेल्वेत होते, नागपूरला त्यांची ये-जा असे, आणि आमच्याकडे येताना ते ताईसाठी एकेक पुस्तक आणत. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आधी ती वाचायची, मग मी, मग दोघी मिळून पुन्हा. नायिका डोंगरावरच्या वसतिगृहात राही आणि दर पुस्तकात निदान एक चोर पकडे. आमच्याकडे चोर येत नसत, चोरण्यासारखं काही नव्हतं.

मी म्हणते त्या उताऱ्यात मात्र चोर नव्हता. त्यात नायिका वडिलांना सांगते, 'बाबा, मला अजून शिकायचं आहे. माझं लग्न ठरवण्याआधी मला एकदा विचारा. मी नाही म्हटलं तर रागावू नका. मी तुमचीच मुलगी आहे.'

लहानपणापासून हे मला पाठ होतं. सतरा वर्षांची झाले आणि माझ्या स्थळाची बोलणी सुरू झाली, तेव्हा मी ते जसंच्या तसं बाबांना म्हणून दाखवलं. ज्या घरात सगळे 'मले, तुले' बोलतात तिथे 'मला शिकायचं आहे' म्हणत उभी राहिले, गॅदरिंगच्या नाटकात उभी राहावी तशी. बाबा चपला घालून शेतात, धानाच्या बांधीकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी आईला म्हणाले, 'भंडाऱ्याले कॉलेजात नाव टाकून देऊ तिचं.' पुस्तकाचा हा प्रताप मी पुढे भेटेल त्याला सांगत आले. वर्गातल्या मुलींना तर दरवर्षी, त्यांना आवडो न आवडो.

सुट्टीचे पहिले दिवस मी खोलीतच काढले आणि बाराही पुस्तकं ओळीने वाचली. एकंदरीत बरी करमणूक झाली, लेखकाला अपेक्षित होती तिथे मात्र नाही. नायिकेची आई एकतर वारलेली, नाहीतर माहेरी गेलेली, त्यामुळे पोरीला कोणी कामाला लावत नाही. ती एवढी हिंडते पण एकदाही भांडी घासत नाही. तिच्या गुहा कोरड्या, सोयीच्या आणि बसायला दगड असलेल्या. खेड्यातली माणसं भित्री, अडाणी आणि 'व्हय जी' म्हणणारी. लहानपणी त्यांच्या बोलण्यावर आम्ही दोघी पोट धरधरून हसायचो, आणि तोंड पुसून आपल्याच आजीला तशाच बोलीत हाक मारायचो. तेव्हा हे खुपलं नाही, आता खुपलं. तरी चौथ्या पुस्तकातला पूर आला तेव्हा मी जेवायचं विसरले, हेही खरं आहे.

उतारा मात्र कुठेच नव्हता.

पानं गळली असतील म्हणून आकडे तपासले. सगळी जागेवर होती. उलट बाराव्या पुस्तकाच्या शेवटी वडील सांगतात की चांगलं स्थळ आलंय, आणि दरोडेखोरांना न घाबरलेली आमची नायिका लाजून आत पळते. संपलं. मला भयंकर राग आला. एवढी वर्षं मी ज्या पानाचे गोडवे गात होते ते छापलंच गेलं नव्हतं. मग शांत बसून आठवलं, तेव्हा ध्यानात आलं की मी ते कधी वाचलंच नव्हतं. मी ते ऐकलं होतं.

ताई अकरावी पास झाली होती. तिला भंडाऱ्याला मास्तरकीचा कोर्स करायचा होता. हे मला ठाऊक होतं, घरात सांगायची तिची हिंमत नव्हती. धानाची मळणी आटोपली की आमच्याकडे पोरी पाहायला माणसं निघतात, तशी ताईला पाहायला आली. चहा-चिवडा झाला. ताईला चालवून पाहिलं, सुईत दोरा ओवायला लावलं. मग मुलाचे मामा म्हणाले, 'शिकली म्हणता, तं वाचून दाखव ना बाई थोडंसं.' पोथी अंघोळीशिवाय सोडता येत नव्हती आणि पंचांगावर कोण परीक्षा घेणार? मला आत पिटाळलं. मी मालिकेतलं हाताला लागलं ते पुस्तक आणून दिलं.

ताईने मधूनच उघडलं. गुहेचा प्रसंग होता. ती भरभर वाचत गेली, पाहुणे माना डोलवत राहिले. तिने पान उलटलं आणि त्याच आवाजात, त्याच चालीवर ती चार वाक्यं वाचली. बाबा समोरच बसले होते. दाराआडून मला वाटलं, हे पान आपल्या नजरेतून सुटलं कसं? 'बस, बस,' मुलाचे मामा म्हणाले, 'पोरगी फटाफट वाचते.' चैत्रात लग्न झालं. पुस्तकं तिच्या ट्रंकेतून सासरी गेली आणि तिथे त्यांना वाळवी लागली.

मी ताईकडे पोहोचले तेव्हा ती अंगणात तांदूळ पाखडत होती. भाची पुस्तकं घेऊन आत पळाली. मला दम निघेना.

'ताई, पाहाले आले होते तवा तू जे शेवटी वाचलं, थे पुस्तकात नाहीच न व.'

'नाहीच,' ती म्हणाली. सूप चालूच होतं. 'मनचंच होतं थे. तोंडानं सांगाची हिंमत नव्हती, म्हणून वाचलं. बाबाले समजलंच नाही. त्याले वाटलं पुस्तकातलं आहे.'

'मलेही तसंच वाटलं. मी तेच पाठ करून बाबाले म्हटलं. म्हणून तं मले कॉलेजात टाकलं.'

सूप थांबलं. माझ्या वेळी ती सासरी होती, तिच्या कानावर एवढंच आलं होतं की धाकटी हट्टाने शिकायला गेली.

'हेच म्हटलं? असंच्या असं?'

'शब्दाले शब्द.'

'बाबा काय म्हणे मंग?'

मी विसरले होते. तिने विचारलं म्हणून आठवलं, आणि विचार न करता सांगून बसले. 'काही नाही. एवढंच म्हणे, हे तुले ताईनं शिकवलं काय? मी म्हटलं, नाही, पुस्तकात आहे. मंग चपला घालून बांधीकडे गेला.'

ताईने सूप मांडीवर ठेवलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी काय सांगितलंय.

'म्हणजे समजलं होतं त्याले,' ती म्हणाली. 'तवाच समजलं होतं.' मग सुपातले खडे वेचत, हळू आवाजात, 'मी त्याले कधी काही म्हटलं नाही. मले वाटे, त्याले समजलंच नाही तं त्याचा काय दोष.'

मला रडू आलं. तिला नाही आलं. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती, भांडायला कोणी उरलं नव्हतं. समोर मी होते, तिच्या शब्दांवर शिकलेली, आणि माझ्याशी ती भांडली नाही.