जोड्यांपाशी पडलेला चेंडू

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. किस्सा माझ्या डोळ्यांचा आहे, आणि डोळे तेव्हा अगदी ठणठणीत होते.

पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासरी, नंदनवन नावाच्या वस्तीत गेलो. शेजारच्या गल्लीशी बॉल बॅडमिंटनची फायनल होती. सासरे, म्हणजे मामाजी, आमचे कॅप्टन आणि दोन वर्षं ओळीनं हरलेले. नव्या जावयाचा मान म्हणून मला लाइनमन केलं. चेंडू रेषेच्या आत की बाहेर, एवढंच सांगायचं. त्याला काय अक्कल लागते?

मैदान पाणी मारून चोपलेलं, म्हणून जोडे बाहेर कोपऱ्यात काढले. दिवाळसणाचे, कोरे करकरीत. आणि मेहुणी बेबी त्यांच्याकडे हळूहळू सरकत होती. लग्नात हिनंच माझे जोडे पळवले होते!

शेवटचा पॉइंट. आत पडला तर आम्ही जिंकलो, बाहेर तर ते. मामाजींनी असा फटका हाणला की पिवळा लोकरी चेंडू नुसता चमकून गेला.

"आउट," मी म्हणालो. वर तिथे जाऊन जमिनीवर बोटही ठेवलं. "इथं पडला. माझ्या जोड्यांपासून वीतभर."

जावयाला खोटं कोण पाडणार? समोरचे कप घेऊन नाचत निघून गेले. मामाजींनी चेंडू उचलून पाहिला. लोकरीला रेषेचा ओला चुना लागला होता.

"जावईबापू, हा तं रेषेवर पडला, म्हंजे आतच. तुमी तवा काय पाहून राहिले होते?"

"जोडे."

रागावले असते तर परवडलं असतं, पण माणूस भारी चौकस. "मंग आताबी जोड्याकडंच पाहा. मी टाकतो."

त्यांनी चेंडू टाकला, मी बोट ठेवलं. पुन्हा जोड्यांकडे हातभर सरकून. मला खरंच तिथे दिसला हो!

"काहून असं होते गा?" मामाजींनी बेबीला माझे जोडे घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात उभं केलं. आता चेंडूही मला तिकडेच पडताना दिसू लागला. अख्खी गल्ली पोट धरून हसत होती, आणि मी अजून विचार करतोय, डोळा बघतो एकीकडे आणि वस्तू ठेवतो कुठे?

पुढच्या दिवाळीला आमच्या बाजूनं मला कोणी विचारलंसुद्धा नाही. समोरचा कॅप्टन मात्र मिठाईचा पुडा घेऊन दारात हजर.

"काकाजी," तो मामाजींना म्हणाला, "यंदाबी लाइनमन जावईबापूच पाहिजे. आमच्या टीमचा सारा भरवसा त्यायच्यावरच हाय."