देवीच्या कपाळावरचं कुंकू

झाशीच्या संग्रहालयात मी इंटर्न म्हणून लागले आणि पहिला आठवडा हात आवरायला शिकण्यातच गेला. दगडाला उघड्या हाताने शिवायचं नाही, फुंकर मारायची नाही, मऊ ब्रशने हलकेच धूळ काढायची. जवळच्या एरच गावाकडच्या शेतात सापडलेली, नाक झिजलेली एक देवी माझ्या वाट्याला आली होती. आमच्या मॅडम बजावत, "देवीजी नहीं, मूर्ति बोलो. यहाँ पूजा नहीं, देखभाल होती है." मला ते इतकं पटलं की घरी येऊन मी आईलाच व्याख्यान झोडायची. रेल्वे क्वार्टरमध्ये सगळा संसार केलेली माझी आई भाजी निवडत ऐकून घ्यायची.

नवं दालन उघडायच्या आदल्या दिवशी मी तिला मुद्दाम दाखवायला नेलं. मूर्तीवर काच अजून बसायची होती. दिवा नीट पडतोय का ते बघायला मी वळले, तेवढ्यात आईने पर्समधून कुंकवाची पुडी काढली आणि देवीच्या कपाळाला बोट टेकवलं. शुक्रवार, आणि देवीचं कपाळ मोकळं! आमच्याकडे आलेली सवाष्ण कुंकू लावल्याशिवाय परत जात नाही. ही तर देवी.

नेमक्या मॅडम आल्या. "ये किसने किया? कौन हैं ये?"

माझी पाचावर धारण बसली. वर्षभर अर्ज करून मिळालेली इंटर्नशिप, गेलीच आता. तोंडातून निघून गेलं, "पता नहीं मैडम. बगल वाले हॉल से आ गई होंगी."

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात जोडून म्हणाली, "गलती हमारी है जी. इस बिटिया को मत डाँटिए, इसने देखा ही नहीं." आणि परक्या बाईसारखी चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.

मॅडमनी माझ्यापुढे नोंदवही ठेवली. "दाग लिखो. किससे हुआ, वो भी."

मी 'दर्शक' असं लिहिलं. मान वर केली, तर आई चष्मा पुसून भिंतीवरची पाटी वाचत होती. ती मी लिहिलेली आहे हे तिला ठाऊक होतं. ओठ हलवत, एकेक शब्द वाचत होती. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

तो शब्द खोडून मी लिहिलं, 'मेरी माँ'.

मॅडमनी ते वाचलं, आणि आईसाठी खुर्ची मागवली.