मोडलेली पिन

शॉक लागून सून फ्रीजला चिकटली होती आणि मी तिला ओढायला धावले. ओरडा ऐकून शेजारी पाण्याची मोटार बसवायला आलेला माणूस आत शिरला. त्यानं मला कोपरानं भिंतीकडं ढकललं आणि ओसरीतलं मेन बटण पाडलं. सून मटकन खाली बसली. मी त्याला शिवी दिली. नाव तेव्हा विचारलं नाही, नंतरही नाही.

घटस्थापनेआधी आमच्याकडं सगळं घर धुतात. फ्रीज बादलीनं धुवायला मीच सांगितलं होतं. वायर काढायचं कुणाच्या मनात आलं नाही.

त्यानं दोन्ही हात शर्टाला पुसून कोरडे केले, मग प्लग काढून डोळ्यांजवळ धरला.

"आजी, वरची जाड पिन कुणी मोडली?"

"मी. बोर्डात जात नव्हती, पकडीनं मोडली. तिचं काम तरी काय?"

"रोज काहीच न्हाई. आज होतं. फ्रीजच्या पत्र्यात उतरल्याला करंट ती जमिनीत नेती."

प्लग त्यानं फ्रीजवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. आतला बर्फ खरवडायला मी सुरी आणली, तर ती माझ्या हातातून काढून घेतली.

"सुरीनं आतली गॅसची नळी फुटंल. दार उघडं ठेवा, बर्फ आपोआप वितळंल. अन् प्लग, बोर्ड दोन्ही बदलल्याबिगर फ्रीज चालू करायचा न्हाई."

चहा न घेता गेला. त्याच्या कोपरानं माझा दंड आठ दिवस काळानिळा होता.

सून जगली. तिला धरायला निघालेली मीही जगले.